खालची राख

"घर पडलं ते, आजोबा," क्वेन म्हणाली, आणि खोटं बोलताना तिची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

हनोईच्या जुन्या आळ्या लोकांना पायी फिरवून दाखवायच्या, हे तिचं रोजचं काम. आजचं गिऱ्हाईक म्हणजे दक्षिणेकडून, सायगावहून एकटेच आलेले थुआन आजोबा. सकाळपासून चांदीची आळी झाली, टोपल्यांची झाली, म्हातारा नुसता मान हलवत होता. पत्र्याच्या आळीत हातोड्यांचा ठणठणाट कानात बसायला लागला तसा तो एका बोळाच्या तोंडाशी थांबला आणि म्हणाला, "आत एक विहिरीचं घर होतं. आहे का गं अजून?"

आहे का म्हणजे काय! क्वेन त्याच घरात जन्मली होती. पण आईनं लहानपणापासून घोकून घेतलं होतं: दक्षिणेकडचा कुणी म्हातारा घराची चौकशी करत आला, तर पडलं म्हणून सांगायचं. घरात चार बिऱ्हाडं. उद्या जुना मालक दारात उभा राहिला, तर साऱ्यांनी जायचं कुठं?

"पडलं का? बरोबरच आहे. इतकी वर्षं कोण थांबतंय!" आजोबा हसल्यासारखं म्हणाले. मग तिथंच उकिडवे बसले, पिशवीतून तीन उदबत्त्या काढल्या आणि फरशीच्या फटीत खोचायला लागले. पहिली काडी स्कूटरच्या वाऱ्यानं विझली. दुसरीही विझली.

"हे काय करताय?"

"आईला सांगतो, आलोय म्हणून. तिचं उदबत्तीचं भांडं त्या घरातच राहिलं बघ. देशाचे दोन तुकडे झाले नि आम्ही दक्षिणेला निघालो, तेव्हा वडील म्हणाले, हलवलं तर ती वाट चुकेल. दोन वर्षांत परत येणारच होतो आम्ही."

रस्त्यावर उदबत्ती लावतात ती बेवारस भुतांसाठी. ज्यांना घर नाही, दार नाही, कुणी विचारणारं नाही, त्यांच्यासाठी. आणि हा माणूस सख्ख्या आईला फुटपाथवर जेवायला वाढत होता.

"उठा. आत चला."

"पडलं म्हणालीस ना?"

"म्हणाले. उठा तुम्ही."

बोळातून अंग तिरकं करूनच जावं लागायचं. एका अंगाला विजेचे मीटर, दुसऱ्या अंगाला कुणाच्या स्कूटरी, डोक्यावर कुणाचे ओले कपडे. हातोडे मागं राहिले. आणि एकदम वर चादरीएवढं आभाळ उघडलं, खाली विहीर.

आजोबा जागच्या जागी थांबले. त्यांनी टोपी काढली, कठड्यावर हात ठेवून आत वाकून पाहिलं. "पाणी आहे गं!" ते पुटपुटले. इथं क्वेननं जन्मभर भाज्या धुतल्या होत्या. आज तीही त्यांच्याशेजारी वाकली. खाली काळ्या पाण्यात तेवढंच आभाळ हलत होतं. रोज होतंच की हे, तिच्या मनात आलं, मग मी बघत काय होते?

माडीवर तिची आई पालेभाजी निवडत बसली होती. आजोबांनी "नमस्कार" म्हटलं, आणि तो दक्षिणेकडचा हेल ऐकताच तिच्या हातातली जुडी खाली पडली.

"कुणाला आणलंस गं, मेले?" ती कुजबुजली. शेजारच्या बिऱ्हाडालाही ऐकू गेलं असेल.

आजोबांचं लक्षच नव्हतं. ते देवघराच्या भिंतीकडे बघत होते. वरच्या फळीवर क्वेनच्या आजी-आजोबांच्या तसबिरी. खालच्या फळीवर एक निळं-पांढरं भांडं, राखेनं भरलेलं. कडेला उडालेली कपची, लाखेनं चिकटवलेली. पुढं दोन संत्री.

"ही मी फोडली होती," आजोबा म्हणाले. "चेंडू मारून. आई जाऊन शंभर दिवसही झाले नव्हते. वडिलांनी मला मारलंसुद्धा नाही."

क्वेनची आई हळूहळू उठली. "हे तुमचं?"

आजोबांनी मान डोलावली.

"सासूबाई इथं राहायला आल्या तेव्हा हे इथंच होतं. परक्याचं भांडं, हलवायचं कसं? आणि उपाशी तरी कसं ठेवायचं? म्हणून आमच्या माणसांना वाढलं की त्यांनाही वाढतो. वर्षाअखेर काड्या उपसतो, पण राख कधी टाकली नाही हो. खालची राख तुमच्या घरची, वरची आमची."

आजोबा मटकन खाली बसले. "मला वाटायचं, ती उपाशी भटकत असेल," ते म्हणाले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

आईनं त्यांना पाणी दिलं. मग मन घट्ट करून विचारलं, "भांडं न्यायचं असेल तर न्या. पण घराचं... घर मागायला आलात का?"

आजोबांनी फळीकडे हात नेला आणि मागं घेतला.

"काही हलवू नका," ते म्हणाले. "भांडंही नाही नि तुम्हीही नाही. वाट चुकेल ती."

आईनं सोडलेला श्वास क्वेनला दारापर्यंत ऐकू आला.

तिघांनी उदबत्त्या पेटवल्या. "नाव काय हो त्यांचं?" आईनं विचारलं. "आजवर नुसतं 'जे कोणी असाल ते या' एवढंच म्हणतोय."

"वू थी हिएन. चौथ्या महिन्यातली द्वादशी, तो तिचा दिवस."

"क्वेन, ध्यानात ठेव."

"आणि एक," आजोबा चाचरत म्हणाले, "राग मानू नका. तिला बांबूच्या कोंबांचं कालवण अजिबात आवडायचं नाही."

"अगं बाई!" आईनं तोंडावर हात ठेवला. सासूबाईंच्या काळापासून दर सणाला, दर श्राद्धाला, न चुकता तेच कालवण.

ती फळीकडे वळली, हात जोडले आणि शेजारणीला खडसवावं तशा आवाजात म्हणाली, "हिएनबाई, इतकी वर्षं गप गिळलंत? सांगायचं नाही का हो कधी!"