टपावरची संत्री

तिसऱ्या फेरीत त्याच वळणावर गाडी पुन्हा घसरली. मागची चाकं सुटली, निळी गाडी स्वतःभोवती गर्रकन फिरली आणि बाजूच्या गवतात जाऊन थांबली. धूळ खाली बसल्यावर प्रज्ञानं हेल्मेटची काच वर केली आणि शेजारी पाहिलं.

"लागलं तर नाही ना बाबा?"

"नाही," देवीदास म्हणाले. त्यांचं हेल्मेट सैल होतं, ते त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. "चाल, काढ बाहेर. तापू देऊ नको जास्त."

बोरगावच्या पुढे, संत्र्याच्या बागांना लागून, कुण्या कंपनीनं गाड्या तपासायला दोन किलोमीटरचा डांबरी ट्रॅक करून ठेवला होता. नागपूरच्या हौशी लोकांनी तो या रविवारी भाड्यानं घेतला होता. रोजच्या रस्त्यावर ज्यांच्या गाड्यांना कधी पुरतं पळताच येत नाही, ते आज त्या मनसोक्त पळवत होते. प्रज्ञा त्यांच्यातली एकटीच बाई. नागपुरात दहा वर्षं नोकरी करून तिनं ही गाडी घेतली होती, आणि सकाळी सौंसरला घरी येऊन बापाला सोबत घेतलं होतं.

टिनाच्या शेडखाली गाडी उभी राहिली. देवीदास उतरून पुढच्या चाकाशी वाकले. तापलेल्या ब्रेकचा वास आला आणि ते क्षणभर तसेच वाकून राहिले. सिल्लेवानीचा घाट उतरून बस थांबली की असाच वास यायचा. पांढुर्णा, सौंसर, छिंदवाडा. सत्तावीस वर्षं सरकारी बस चालवली त्यांनी. संत्र्याच्या दिवसांत टपावर टोपलीच टोपली असायची, वर नुसता पालापाचोळा आणि एक दोर. आत बाजाराच्या बाया उभ्या. घाटात ब्रेक चुकीचा लागला की संत्री टपावरून उड्या मारत दरीत जायची, आणि मग छिंदवाड्यापर्यंत ड्रायव्हरची खैर नसायची.

"एक मिनिट एकतीस सेकंद," प्रज्ञा आधीच्या फेऱ्यांची वेळ पाहत म्हणाली. "पहिल्या फेरीपासून तिथंच अडकून राहिली मी. त्या वळणातच जाते सारं."

"वळणात ब्रेक दाबून राहिली तू," देवीदास म्हणाले. "अन् दाबतेही कशी, समोर कुत्रं आल्यासारखी."

"मंग कसा दाबू?"

एवढ्या मोठ्या इंजिनियर पोरीला काय सांगायचं?

"टपावर संत्री भरून हायेत असं समज. दोर सैल हाय. वळण यायच्या आधी, सरळ रस्त्यावरच सारा ब्रेक आटपून टाकायचा. सावकाश दाबायचा, सावकाश सोडायचा. मंग वळणात तिले काही सांगू नको. ते आपोआप जाते."

प्रज्ञा हसली नाही. तिनं हेल्मेट चढवलं.

चौथ्या फेरीत वळणावर त्यांचा खांदा अजून दारावर आदळला. पाचवीत कमी. सहावीत गाडी वळणात शिरली कधी आणि निघाली कधी, ते त्यांना कळलंच नाही. खांदा दाराला लागलाच नाही. ट्रॅकच्या कडेला वेळ लिहायला बसलेल्या भूपेंद्रनं पाटी वर धरली. एक मिनिट सत्तावीस.

शेडमध्ये परत आल्यावर तिनं इंजिन बंद केलं, पण उतरली नाही.

"अठरा वर्षांची होती तवा म्हणलं होतं मी तुमाले, शिकवा म्हणून," ती समोर पाहत म्हणाली. "तुमी स्वप्निलले शिकवलं. सुरेशकाकाची जीप आणून, आठ दिवस. मी ओट्यावरून पाहून राहिली होती."

देवीदासांना ते आठवत होतं. जीप चालवणारा आपला पोरगा आठवत होता, आणि ओट्यावरची ती दोन वेण्यांची पोरगीही.

"तुही आई म्हणे, शिकवा तिले," ते म्हणाले. "मीच नाही म्हणलं. ड्रायव्हरची पोरगी ड्रायव्हर झाली म्हणतील लोकं, असं वाटे. तू सायबीण व्हावं म्हणून..." त्यांनी हेल्मेटचा पट्टा सोडवायला घेतला. "चुकलंच माह्यं."

प्रज्ञानं वाकून त्यांचा पट्टा सोडवला नाही, उलट आवळून नीट बसवला.

"आता शेवटची फेरी हळू असते," ती म्हणाली. "सारे आरामात जातात. लायसन हाय ना खिशात?"

"हाय. पण चालवू कोण देते?"

ती उतरून त्यांच्या बाजूला आली आणि दार उघडून उभी राहिली.

सीट पुढे ओढायला त्यांना वेळ लागला. गिअरचा दांडा मुठीत मावेल एवढाच. पण क्लच सुटताना पायाला जे कळायचं, ते कळलं. गाडी धक्का न देता निघाली. पन्नासच्या वर त्यांनी काटा जाऊ दिला नाही. मागच्या गाड्या एकेक करून पुढे गेल्या, कुणी हॉर्न दिला नाही. प्रज्ञा शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती.

पलीकडच्या सरळ पट्ट्यावर ट्रॅक आणि सौंसरचा रस्ता शेजारी शेजारी धावतात, मध्ये फक्त तारेचं कुंपण. समोरून नागपूरची बस आली, टपावर सामान, दारात लटकलेला कंडक्टर. देवीदासांचा उजवा हात आपसूक स्टिअरिंगवरून वर उठला. बसच्या ड्रायव्हरनं या ठेंगण्या निळ्या गाडीकडे एकदा पाहिलं, आणि त्यानंही हात वर केला.

"वळखीचा होता काय?" प्रज्ञानं विचारलं.

"नाही," देवीदास म्हणाले. "बसवाला होता."