कार्ड नंबर सत्तेचाळीस

वागळे इस्टेटमधल्या कारखान्याचा हजेरीचा प्रोग्राम बाहेरच्या कंपनीचा होता. मंजुळा त्यात इथल्या सोयीचे बदल करायची आणि प्रत्येक बदलापुढे स्वतःचं नाव, तारीख, वेळ टाकायची. नवी आवृत्ती आली की सगळे बदल पुन्हा घालायचे.

आज तिने नव्या फ्लॉपीचं सील फोडलं, प्रोग्राम जुन्याशी ताडून पाहिला. कंपनीकडून आलेल्या कोऱ्या प्रोग्राममध्ये एक बदल आधीच होता: 'मंजुळा, ९-२-९४, ४.१०. कार्ड ४७ काढून टाकलं.'

तारीख आजची होती. हजेरीचं ते कार्ड तिचंच. घड्याळात चार वाजून नऊ मिनिटं झालेली.

तिने ती ओळ पुसली. फाइल पुन्हा उघडली, तर ओळ जागच्या जागी.

मारुती शिपाई चहा घेऊन आला आणि तिच्या टेबलापाशी घुटमळला. "मंजुळाबाई कुठं गेल्या हो?"

दुपारी तिच्याच डब्यातली भाजी खाल्लेल्या विमलाबाईंनी थेट तिच्याकडे पाहिलं.

"कोण मंजुळाबाई?"