राखून ठेवलेली सावली

ओव्यांच्या संकेतस्थळाची नवी आवृत्ती आली आणि तिथं रोज ओवी लिहिणाऱ्या बायकांची कुरकुर सुरू झाली. "जुनंच बरं होतं बाई." "माझ्या ओव्या कुठं दडवल्यात मेल्यांनी?" इंदुमतीचं मात्र तिकडं लक्ष नव्हतं. वर्षानुवर्षं न फिरकलेल्या तिच्या भावाचा, रंगनाथचा, सकाळीच फोन आला होता.

"आक्का, तुझी आजची ओवी वाचून राहवेना बघ. पंचमीला येतो. त्या निंबाखाली बसू."

आज तिनं ओवी लिहिलीच नव्हती. तिनं पान उघडलं. तिचा खाडा नव्या आवृत्तीतल्या यंत्रानं स्वतःच ओवी रचून भरून काढला होता, तिच्याच नावानं, तिच्याच बोलीत:

दारीच्या निंबाला गं, सांजसकाळी पाणी
बंधूसाठी सावली, ठेविली राखूनी

तिच्या एवढ्या ओव्यांनी जो हलला नाही, तो यंत्राच्या एका ओवीनं हलला. भावजयीवर जळावं तशी इंदुमती त्या ओवीवर जळली. 'पुसून टाका'पाशी बोट गेलं. पण पुसली, तर भाऊ कशाला येईल?

"सटवे, भाऊ माझा आहे," ती पडद्याला म्हणाली.

तिच्या दारात निंब कुठला, साधी तुळसही वाळून गेली होती. ओवी तशीच ठेवून, पदर खोचून, ती निंबाचं रोप आणायला निघाली.