एका वाक्याची खातरजमा

“हा परिच्छेद काढा,” पुरावा म्हणाला.

संपादक मुलीने कपाळाला हात लावला. अंक दुपारी छपाईला जायचा होता आणि या पठ्ठ्याला आत्ता कंठ फुटला होता.

‘पुरावा’ हे नाव त्याला या खोलीतच पडलं होतं. विद्यार्थ्यांनी चालवलेलं आंतरराष्ट्रीय घडामोडींचं हे त्रैमासिक. कुणी युद्धांवर लिहायचं, कुणी करारांवर, आणि छापून जाणारं प्रत्येक विधान तपासायचं काम त्याचं. मंत्र्याचं भाषण असो की मच्छीमाराची तक्रार, दुजोरा मिळाल्याशिवाय तो ओळ पुढे जाऊ द्यायचा नाही. अनोळखी माणसाला फोन लावून प्रश्न विचारण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. गप्पा मारणं मात्र त्याला कधी जमलं नाही. बाकीचे कॉफीला निघाले की तो कागदात डोकं खुपसायचा आणि आपल्याला कुणी बोलावलं नाही म्हणून झुरायचा. सुट्टीत खोलीची किल्ली त्याच्याकडेच असायची. सुट्टीत तो कुठे जायचाच नाही.

“काढा म्हणजे?” लेख लिहिणारी मुलगी रडकुंडीला आली. आपल्यासारख्या, इथे परदेशी शिकायला आलेल्या मुलांच्या मायदेशी मागे राहिलेल्या घरांवर तिने लेख लिहिला होता. विद्यापीठाच्या कचेरीने त्या घरांची संमती मिळवली होती, एकाच अटीवर. कुणाचं नाव छापायचं नाही आणि मुलांची नावं तर विचारायचीही नाहीत. सुट्टीभर ती घरोघर हिंडून आली होती. तपासणीपुरते फोन नंबर तेवढे तिने पुराव्याच्या हवाली केले होते.

एकच घर तपासायचं राहिलं होतं. शिवणकाम शिकवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी बाई. तिने स्वयंपाकघरात जगाचा नकाशा लावलाय. मुलाच्या शहरात थंडी पडल्याची बातमी आली की ती आपल्या घरात स्वेटर घालून बसते. मुलगा दर रविवारी फोन करतो, भरपूर बोलतो, त्यामुळे तिला एकटं वाटत नाही.

“तीच तर माझ्या लेखाचा जीव आहे,” लेखिका म्हणाली.

“ती खोटं बोलतेय.”

“अरे, मी तिच्या स्वयंपाकघरात बसून आलेय! नकाशा या डोळ्यांनी पाहिलाय.”

“नकाशाचं नाही म्हणत मी. रविवारचं म्हणतोय.”

“तुला काय माहीत?”

पुरावा बोटांत पेन्सिल फिरवत राहिला. “वाटतं,” तो शेवटी म्हणाला.

“घ्या! पुराव्याला वाटायला लागलं,” संपादक हसली. मग तिचा आवाज कडक झाला. “हे बघ, नियम तुझाच आहे. फोन लाव. एक वाक्य जरी खोटं निघालं तर अख्खा परिच्छेद उडवू. खरं निघालं तर ब्र काढायचा नाही.”

“तू लाव ना.”

“मी कशाला? तपासणी तुझी.”

लेखिका त्याच्याकडे वैऱ्याकडे बघावं तशी बघत होती. मोबाइल खिशातच ठेवून त्याने टेबलावरचा जुना फोन पुढे ओढला. पलीकडे घंटा वाजत राहिली. कुणी उचलू नये असं त्याला वाटत होतं आणि उचलावा असंही.

“हॅलो?”

त्याने घसा खाकरला. आवाज नेहमीपेक्षा जाड निघाला. “नमस्कार. विद्यापीठाच्या त्रैमासिकातून बोलतोय. तुमच्याबद्दल जे छापणार आहोत, ते बरोबर आहे का, एवढंच विचारायचंय.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“विचारा की,” बाई म्हणाल्या. “मी रिकामीच आहे.”

“स्वयंपाकघरात जगाचा नकाशा आहे?”

“आहे. फ्रिजशेजारी. वाफेनं एक कोपरा सुटलाय, आज-उद्या चिकटवेन.”

“मुलाकडे थंडी पडली की तुम्ही स्वेटर घालता?”

“हसतात शेजारपाजारचे. पण घालते. कालही घातला होता. काल तुमच्याकडे फार गार वारा होता म्हणे.”

“होता,” तो म्हणाला. मग त्याने विचारलं, “शिवण होतं का अजून? डोळे वगैरे ठीक आहेत?”

“हे लेखात कुठेय?” लेखिका कुजबुजली. त्याने हातानेच तिला थांबवलं.

“एका डोळ्याला जरा कमी दिसतं,” बाई म्हणाल्या. “पण सुई ओवते मी. काळजीचं काही नाही.”

त्याला आणखी पुष्कळ विचारावंसं वाटलं. दुपारी वेळ कसा जातो, सोबतीला कुणी येतं का. पण संपादक घड्याळाकडे बोट दाखवत होती. त्याने पेन्सिल शेवटच्या वाक्यावर टेकवली.

“तुमचा मुलगा दर रविवारी फोन करतो, असं लिहिलंय. हे खरं आहे?”

लेखिका टेबलावर पुढे झुकली.

“अगदी खरं,” बाई म्हणाल्या. “एक रविवार चुकवत नाही.”

“नक्की? नसेल तर आम्ही काढून टाकू. तुम्हाला काही त्रास नाही.”

“काढायचं नाही हं! पोर कामात असतं, तरी आठवणीनं करतं. लोकांनी वाचू दे की.”

पुराव्याने वाक्यापुढे बरोबरची खूण केली. पेन्सिलीचं टोक मोडलं. लेखिकेने आनंदाने टाळी वाजवली. संपादक मुलीने कागद त्याच्या हाताखालून ओढून घेतले आणि दोघी छपाईच्या तयारीला धावल्या. तो रिसीव्हर कानाशी धरून एकटाच उरला. आता एकच प्रश्न बाकी होता, तो प्रत्येकाला शेवटी विचारायचा तो.

“तुम्हाला आणखी काही सांगायचंय?”

“सांगायचं काय,” बाई म्हणाल्या. “असा आवाज जाड करून बोलू नकोस रे, घसा बसेल. आणि आता छापतच आहात, तर येत्या रविवारपासून फोन करत जा.”