आधी कॉलर

सुनेला वळण नव्हतं. आठ दिवस झाले, ती उजाडताच निघून जायची आणि ओल्या बाह्यांनी परत यायची. कुठे, कशाला, सासूला एक शब्द नाही.

"पाहुणीसुद्धा जाताना 'येते' म्हणते," इस्त्रीवाली सासू भिंतीला ऐकवायची. सुनेला बरोबर ऐकू जायचं.

इस्त्रीवालीचं डोकं आधीच ठिकाणावर नव्हतं. तीस वर्षं ती त्या चार मजली इमारतीच्या जिन्याखाली कोळशाच्या इस्त्रीने साऱ्या बिऱ्हाडांचे कपडे करत आली होती. आता त्यांनी गच्चीवर सौर पॅनेलं बसवली, जिना रंगवला आणि सेक्रेटरींनी सांगून टाकलं, एक तारखेपासून इथे धूर चालणार नाही. जिन्याखाली वीज नव्हती. जागा गेली की दोघींच्या पोटावर पाय. आणि एक तारीख उद्यावर आली होती.

त्यात या ओल्या बाह्या. हिने कुणाची तरी भांडी धरली असणार. आमच्या घरात आजवर कुणी दुसऱ्याचं खरकटं काढलं नाही!

त्या सकाळी ती सुनेच्या मागोमाग निघाली. सून त्याच इमारतीत शिरली, पण एकाही दारापाशी थांबली नाही. दर मजल्यावर गुडघ्यांचा उद्धार करत इस्त्रीवाली गच्चीवर पोचली.

सून लांब दांड्याच्या फडक्याने काळी पॅनेलं पुसत होती. बादलीतलं पाणी मातकट झालं होतं.

"हे काय चाललंय?"

सून दचकली. "धूळ बसली की वीज कमी होते, आई. ऊन तापायच्या आत धुवावी लागतात."

"काचेचं नाही विचारलं, तुझं विचारते. काय देतात?"

"पगार नको म्हटलं. एक वायर जिन्याखाली सोडा म्हटलं. काल सोडली." सुनेने दांडा या हातातून त्या हातात घेतला. "तुम्हीच म्हणाला होता ना, ऊन काय गच्चीवाल्यांच्या बापाचं आहे का? तेच सेक्रेटरींना विचारलं. बाप तेवढा गाळला."

"आणि मला सांगायला जीभ झडली होती?"

"सांगितलं असतं तर तुम्ही जाऊन भांडला असता. बापासकट."

इस्त्रीवालीला एका कडेला कबुतराची घाण दिसली. "हे कोपरे कोण करणार, मी?" असं म्हणून तिने फडकं ओढून घेतलं आणि तो कोपरा स्वतःच घासून लख्ख केला.

जिन्याखाली नवं बटण होतं. दुरुस्तीवाल्याकडून सुनेने आणलेली जुनी विजेची इस्त्री टेबलावर उभी होती. इस्त्रीवालीने तिच्यावर पाण्याचा थेंब उडवला. चुर्र झालं. तिने एक अभ्रा केला, दुसरा केला, आणि निखारे फुलवायला इस्त्री तोंडापाशी उचलून जोरात फुंकर मारली.

सुनेने अभ्र्यात तोंड खुपसलं.

"हसू नकोस. तीस वर्षांची फुंकर आहे ती."

लग्नानंतरच्या बारा वर्षांत सुनेच्या वाट्याला चादरी आणि अभ्रे आले होते. शर्टाला इस्त्रीवाली कुणाचा हात लागू देत नसे. कॉलर बिघडली की नाव बिघडलं, असं तिचं म्हणणं. आता तिने गाठोड्यातून सेक्रेटरींचा पांढरा शर्ट काढला, टेबलावर नीट पसरला आणि बाजूला सरकली.

"सांगून जात नाहीस, विचारून करत नाहीस. वळण म्हणून नाही तुला." तिने इस्त्रीची मूठ सुनेकडे फिरवली. "धर. आधी कॉलर."