माणसांचा रकाना

"बारा नंबर आता बोलण्यासाठी नाही," इंजिनीअर बटण फिरवत म्हणाला. "आजपासून त्याच्यावर फक्त डेटा. जहाजं आपली माहिती आपणच पाठवतील. तुम्ही नुसतं पडद्यावर बघायचं, ताई. आराम!"

बंदराच्या वायरलेस खोलीत बसणारी ही ऑपरेटर साऱ्या होड्यांची ताई होती. तिने मान डोलावली खरी, पण मनात चरफडली. इतकी चॅनेलं होती मेली, याला नेमका बाराच सापडला?

सोळा नंबर म्हणजे चव्हाटा. होड्या, जहाजं, सगळे त्याच्यावर कान लावून बसलेले. हाक मारायची ती तिथे. ओ मिळाली की ताई त्या जहाजाला एखादं मोकळं चॅनेल नेमून देई आणि पुढचं बोलणं तिकडे होई. सोळावर कुणी गप्पा छाटायला लागला, की ती त्याला असं फैलावर घेई की गडी दोन दिवस बटणाला हात लावत नसे. बारा त्यातल्या त्यात निवांत, तिकडे सहसा कुणी फिरकत नसे.

तो बारा तिने आज अकरा वाजताच्या जहाजासाठी मनातल्या मनात राखून ठेवला होता. त्या मालवाहू जहाजावर तिचा नवरा अधिकारी होता. जहाज इथे थांबत नसे. तीन-साडेतीन महिन्यांतून एकदा समोरून जायचं, तासभर टप्प्यात असायचं आणि नियमाप्रमाणे माहिती सांगायचं: जागा, वेग, माल, माणसं. चार मिनिटांचं काम. त्या चार मिनिटांतला त्याचा आवाज ती पुढचे कित्येक दिवस पुरवून पुरवून वापरत असे.

या खेपेला तर तिलाच सांगायचं होतं. तो सुट्टी संपवून जहाजावर गेल्यावर तिला दिवस राहिल्याचं कळलं होतं, आता चौथा महिना लागला होता. ईमेल करता आला असता, पण जहाजावर सगळ्यांत मिळून एक कॉम्प्युटर, आणि ईमेलला आवाज कुठे असतो? बातमी ऐकल्यावर तो कसा बोलतो, ते तिला ऐकायचं होतं. त्यासाठी इतके दिवस तिने जीभ आवरून धरली होती. धाकट्या बहिणीने वेड्यात काढलं, तरीसुद्धा.

अकराला पाच मिनिटं असताना पडद्यावर ओळ उमटली. सातशे चार. त्याचंच जहाज.

"पाव सेकंद!" इंजिनीअर खुर्चीतच उडाला. "आधी चार मिनिटं चॅनेल अडकून पडायचं. केवढा वेळ फुकट जायचा!"

"हो ना," ताई म्हणाली. "फुकटच."

तिला रडू येत होतं आणि या शहाण्याच्या डोक्यात काहीतरी घालावंसंही वाटत होतं. खिडकीतून जहाज दिसत होतं, बोटाच्या पेराएवढं. माणूस डोळ्यांसमोर आहे आणि त्याला हाक मारायला आपल्याकडे कारण नाही. इतकी आठवण तिला तो महिनोन्‌महिने लांब असतानाही आली नव्हती.

तेवढ्यात ओळीचं टोक लाल झालं.

"हे काय? जहाजावर माणसं, दोन?" इंजिनीअरने चष्मा वर सरकवला. "मागच्या नोंदीत बावीस आहेत. माझ्या यंत्रातून अंक गळत नाहीत हं, आधीच सांगतो. हा रकाना तिकडे हाताने भरतात. कुणीतरी धांदरट बसलाय."

"मग आता?"

"आता काय, नियमच आहे. शंका आली की हाक मारून विचारायचं. सोळावर."

ताईने माइक उचलला.

"सातशे चार, सातशे चार, इथे किनारा. तुमच्या माहितीत जहाजावर माणसं दोन दिसतात. खुलासा करा."

खरखर झाली. मग तो आवाज आला, जरासा बसलेला, पण तोच.

"किनारा, इथे सातशे चार. दुरुस्ती करतो. माणसं बावीस. माफ करा, भरताना चुकून घरची माणसं मोजली."

"बघा!" इंजिनीअर हसला. "म्हटलं नव्हतं, धांदरट?"

धांदरट? दाराला कुलूप लावून ते तीनदा ओढून बघणारा माणूस? ताईने नोंदीत दोनाचे बावीस केले.

"किनारा," आवाज हळू झाला, "बारावर येऊ का?"

"बारा आता बोलायला बंद झालाय. यापुढे इथेच."

"बरं. मग... सातशे चार, संपलं."

"थांबा!" ताई ओरडलीच. सगळा समुद्र ऐकत होता. ऐकू दे, म्हणाली ती मनात, आणि बटण पुन्हा दाबलं. "सातशे चार, तुमच्या घरच्या माणसांचा आकडाही चुकलाय. दुरुस्ती लिहून घ्या. तीन."

एरवी सोळावर एक जण गप्प झाला की दुसरा लगेच घुसायचा. आता एकाही होडीने बटण दाबलं नाही. इंजिनीअरने पडद्यावरची नजर काढून ताईकडे पाहिलं आणि आवाज मोठा केला. सिग्नलचा काटा पुरता वर होता, बोलणं दोन्हीकडे स्वच्छ पोचत होतं.

"किनारा." त्याचा आवाज धड निघत नव्हता. "नीट ऐकू आलं नाही. आकडा पुन्हा सांगा."

"तीन."

"पुन्हा सांगा."