नाळेची जागा

मंगरूचा मुलगा अंकुश तीन दिवसांपासून कुंपणाबाहेरून अंगणाकडे टक लावून बघायचा आणि हाक मारली की काढता पाय घ्यायचा. शहजादीला हे खपत नव्हतं. आलापल्लीतलं हे सागवानी घर एका लाकूडव्यापाऱ्यानं बांधलं, त्याच्याकडून मंगरूनं घेतलं अन् मंगरूकडून तिनं. आता अंकुशला घर परत हवं की काय? चौथ्या दिवशी तिनं त्याला फाटकातच गाठलं. "काऊन रे, माह्या घराले नजर लावून राह्यला?" त्यानं खिशातून पुरचुंडी काढली. "बाई, मले पोरगी झाली. तिची नाळ होय. आमा भावंडांच्या नाळा न्हाणीजवळच पुरल्यात. अन् तुमी तिथी फरशी बसवून राह्यल्या." शहजादीनं गवंड्याला थांबवलं, त्याची कुदळ अंकुशच्या हातात दिली. "येडा कुठचा! तुही नाळ माह्या अंगणात हाय, तं तू माह्याच घरचा झाला. खोल खण, नाईतं कोंबड्या उकरतीन."